उरली तर झोप

"बाबा झोपलेत, आवाज करू नका." हे वाक्य कधी बोललंच गेलं नाही असं मराठी घर सापडणं कठीण. रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी आडवा झाला की घर दबक्या पावलांनी चालायला लागतं. टीव्ही बंद होतो, मिक्सर नंतर लावू असं ठरतं, पोरांना शेजारी पिटाळलं जातं आणि दारावर आलेल्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं जातं. यात वावगं काहीच नाही. बारा तास गेटवर उभ्या राहिलेल्या वॉचमनला, रात्रभर ट्रक हाकलेल्या ड्रायव्हरला ती झोप मिळायलाच हवी. पण "आई झोपलीय, आवाज करू नका" हे आपण किती वेळा ऐकलं? ती तापाने फणफणली असेल तेव्हाचं सोडून सांगा.

रात्रपाळीच्या नर्सचा दिवस पाहिला की ही गोष्ट नीट कळते. सकाळी पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवून ती घरी पोचते तेव्हा नऊ-साडेनऊ झालेले असतात. मूल शाळेत, नवरा कामावर. ओट्यावर सकाळच्या चहाची भांडी. आंघोळ करून, कपडे मशीनला लावून, वरण-भाताचा कुकर चढवून ती साडेअकराला पाठ टेकते. बाराला गॅस सिलिंडरवाला बेल वाजवतो. साडेबाराला शाळेच्या रिक्षावाल्या काकांचा खालून हॉर्न. मुलाला जेवू घालून ती पुन्हा पडते तर सासूबाई अगदी मायेने दार लोटून विचारतात, "झोप लागलीय का गं? चहा टाकू का?" चार वाजता ती उठते, कारण आता झोपून उपयोग नसतो. सात वाजता तिला परत निघायचं असतं, त्याआधी रात्रीच्या पोळ्या. आणि घरातल्या सगळ्यांच्या लेखी ती दिवसभर घरीच होती.

झोप ही शरीराची गरज, हे शाळेतल्या पुस्तकात ठीक. घरात ती मानापानाप्रमाणे वाटली जाते. कुणाची झोप राखली जाते, कुणाची उरली तर मिळते. नोकरी, मुलं आणि घर सांभाळणाऱ्या बाईच्या अपुऱ्या झोपेवर बोलणं निघालं की आपण लगेच तिच्या नियोजनाकडे वळतो: रात्रीच भाजी चिरून ठेव, मोबाइल कमी बघ, अर्धा तास आधी ऊठ. मला हे साफ नामंजूर आहे. तिचं नियोजन चोख असतं, म्हणून तर हे सगळं चाललं आहे. मालक, शाळा, महापालिका, रेल्वे आणि नवरा यांनी एकमेकांना न विचारता एकाच खात्यातून उचल करत राहावं, तसं तिच्या झोपेचं झालं आहे. कुणाचंही काही कमी पडलं की ते तिथून भागतं, आणि तिथे विचारणारं कुणी नसतं. त्यामुळे हा प्रश्न सार्वजनिक आहे.

तो नवाही नाही. पहाटेच्या जात्यावरच्या ओव्यांचं आपल्याला कोण कौतुक. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या लाखावर आहे, आणि ते काम थोर आहे यात शंका नाही. पण त्या ओव्या पहाटेच्या का, हे आपण फारसं विचारत नाही. दिवस उजाडला की शेत, गुरं, पाणी, पोरं असायची. दळायला उरायचा तो रात्रीचा शेवटचा प्रहर, म्हणजे झोपेचाच. भाऊ, माहेर, सासू, विठ्ठल हे सगळं त्या ओव्यांत येतं ते बाई एकटी जागी असते अशा वेळी. लोकसाहित्याचा एवढा मोठा ठेवा झोपमोडीतून आला, हे जरा जड जातं, पण आहे ते असं आहे.

मग पिठाची गिरणी आली. गॅस आला, मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं. अंगमेहनत खरोखरच कमी झाली, त्याबद्दल नाक मुरडण्याचं कारण नाही. ज्यांनी धुणी बडवली आहेत त्यांना विचारा. पण वाचलेला वेळ झोपेकडे गेला का? तो गेला डब्यांकडे. आजच्या शहरी शाळेतल्या मुलाला दोन डबे लागतात, छोट्या सुट्टीचा आणि मोठ्या सुट्टीचा. शाळेचं डब्याचं वेळापत्रक असतं: सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी मोड आलेलं कडधान्य, बिस्किटं चालणार नाहीत, मॅगी तर नाहीच. शाळेचा हेतू चांगला आहे. मात्र मोड आणायचे तर रविवारी रात्री मटकी भिजवायची आठवण कुणीतरी ठेवावी लागते. मग रात्री पावणेदहाला वर्गाच्या ग्रुपवर निरोप पडतो, उद्या येताना तीन प्रकारची पानं, एक पांढरा चार्ट पेपर आणि आजी-आजोबांचा फोटो. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने तोवर शटर अर्धं ओढलेलं असतं. ग्रुपचं नाव 'पालक' असतं, पण उलट विचारणा करणाऱ्या सगळ्या आयाच: पानं सुकलेली चालतील का, ताई? बापही ग्रुपवर असतात. त्यांनी तो म्यूट केलेला असतो.

हे माझं नुसतं निरीक्षण आहे असं कुणी म्हणेल, म्हणून सरकारी आकडे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. २०२४ च्या पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया ८१.५ टक्के निघाल्या, पुरुष २७.१ टक्के. जे करतात त्यांच्यात स्त्रियांना त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं लागतात, पुरुषांना ८८. मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं. आता २०१९ चे आकडे पाहा: स्त्रिया २९९ मिनिटं, पुरुष ९७. मधे टाळेबंदी होऊन गेली. नवऱ्यांनी केक भाजले, भांडी घासतानाचे फोटो टाकले, आता घरं बदलणार असे लेख आले. पाच वर्षांनी हिशेब काढला तर काम करणाऱ्या पुरुषांची मिनिटं वाढायच्या ऐवजी नऊने कमी झालेली.

झोप कमी मिळाली तर काय एवढं, चिडचिड होते, इतकंच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया आणि लक्ष किती मंदावतं हे प्रयोगांत मोजलेलं आहे. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाच्या जवळपास ते जातं. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पहाटे साडेचारला उठलेली बाई रात्री साडेनऊला सतरा तास जागी असते. त्या वेळी ती उकळतं दूध उतरवत असते, तान्ह्याला औषधाचे थेंब मोजून देत असते, किंवा स्कूटीवर मुलाला मागे बसवून क्लासहून घरी येत असते. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला आपण नाक्यावर अडवतो. हिला म्हणतो, कसं जमवतेस गं सगळं.

आणि सध्या वारा उलट दिशेने वाहतो आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी २०२५ मध्ये 'एल अँड टी'चे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं बोलणं बाहेर आलं. नव्वद तास काम करा, रविवारीही या, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा त्याचा सूर होता. लोकांनी त्यावर भरपूर विनोद केले. मला त्यात हसण्यासारखं थोडं आणि सरळ कबुली म्हणून घेण्यासारखं पुष्कळ दिसलं. नव्वद तास काम करू शकणारा माणूस गृहीत धरायचा तर त्याच्या घरी त्याचं जेवण, कपडे, आईचं पथ्य आणि मुलाचा अभ्यास बघणारं दुसरं माणूस आधी गृहीत धरावं लागतं. ते माणूस स्वतःच कामावर असेल तर? हा प्रश्न त्या बोलण्यात कुठेच नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांत दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा नऊवरून दहा तास आणि कारखान्यांत नऊवरून बारा तास करण्याला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, जादा तासांना जादा मोबदला आहे, कामगाराची संमती लागेल, असं समर्थन दिलं गेलं. बिनपाशाच्या माणसाला हे कदाचित सोयीचंही असेल: चार दिवस जास्त राबा, तीन दिवस मोकळे. पण मूल आठवड्याच्या हिशेबाने जगत नाही. त्याला भूक रोज लागते, शाळा रोज त्याच वेळेला सुटते, संध्याकाळी सातला पाळणाघराच्या ताई रोज दारात उभ्या असतात. सोमवारी बारा तास काम करणाऱ्या आईला शुक्रवारची सुट्टी सोमवारच्या रात्री वापरता येत नाही. आठवड्याची बेरीज जुळली म्हणून दिवस जुळत नाही, ही साधी गोष्ट धोरण ठरवणाऱ्या दालनात कुणीच कशी बोललं नसेल? बहुधा त्या दालनातल्या कुणालाच घरी जाऊन कणीक मळायची नव्हती.

कामाच्या तासांना प्रवासाचे तास चिकटतात. बदलापूर, विरार, कसाऱ्याहून मुंबईत येणाऱ्या बाईचा दिवस नळाला पाणी येतं तेव्हा सुरू होतो. ती वेळ तिने ठरवलेली नसते. कुठे पहाटे साडेचार, कुठे पाच, आणि तासाभरात भरून घेतलं नाही तर दिवस कोरडा. मग लोकल. लोकलच्या बायकांच्या डब्याबद्दल आपण खूप हळवेपणाने लिहितो. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली ती मोठी गोष्ट होतीच. त्या डब्यात भजनं होतात, हळदीकुंकू होतं, संध्याकाळच्या गाडीत मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात. पण सकाळच्या गाडीत एकदा नीट बघा. चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली बाई शेजारणीला सांगते, "घाटकोपर आलं की हलवा हं," आणि पुढच्या मिनिटाला तिची मान खांद्यावर. दांडी धरून उभ्याने डोळे मिटलेल्या बायका तर कितीतरी. तीच त्या दिवसातली तिची सर्वांत निर्धास्त झोप, कारण तिथे तिला कुणी आई म्हणून हाक मारत नाही.

आता एक चांगला निर्णय. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला असं सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने आदेश काढला: पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. झोप हा सरकारी आदेशाचा विषय होऊ शकतो, हे महाराष्ट्राने त्या दिवशी मान्य केलं, आणि म्हणून तो आदेश मला महत्त्वाचा वाटतो. लगेच बसवाल्यांनी हरकत घेतली, दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांनी इमारतीची अडचण सांगितली. त्या अडचणी खोट्या नव्हत्या. पण सर्वांत कमी बोलली गेली ती वेगळीच अडचण. सातची शाळा असताना मुलाला बसमध्ये बसवून आई आठची गाडी पकडू शकत होती. नवाची शाळा झाली आणि मस्टर साडेनवाचं राहिलं, तर त्याला सोडणार कोण? आजी नसेल तर एक तर बाईला अर्धवेळ काम शोधावं लागतं, नाही तर मुलाला सातपासून नऊपर्यंत शेजारी ठेवावं लागतं, म्हणजे त्याची झोपही गेली. मुलाची झोप वाचवायला निघालेल्या सरकारला कचेऱ्यांची वेळ आठवली नाही. शिक्षण खातं वेगळं, कामगार खातं वेगळं. मूल मात्र एकच.

मग पाळणाघर. कायदा आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन येण्याची मुभाही त्यात आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातही तीसपेक्षा अधिक महिला कामगार असतील तर पाळणाघराची तरतूद होती. कागदावर वाचलं की वाटतं, मग रडता कशाला? रडतो अशासाठी, की पन्नासचा आकडा गाठणाऱ्या ठिकाणी फार थोड्या बायका काम करतात. कपड्यांचं दुकान, दंतवैद्याचा दवाखाना, सीएचं ऑफिस, शिकवणी वर्ग, ब्यूटी पार्लर, चार शिलाई मशीन मांडलेलं गॅरेज: इथे दोन-पाच-दहा माणसं असतात. घरकामाला जाणारीचा मालक तर प्रत्येक घरात वेगळा. त्यांच्यासाठी तो कायदा झालाच नाही असं समजा. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची, आणि ती चालवणारी सेविका स्वतःच्या मुलाला कुठे ठेवते हा आणखी एक प्रश्न. गंमत म्हणजे रोजगार हमीच्या कामावर बायकांबरोबर आलेली पाच लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी, असा नियम आहे. मातीकामाला जे तत्त्व लागू ते कपड्याच्या दुकानाला का नको?

हा शहरातल्या पगारदार बायकांचा लाडिक प्रश्न आहे, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्याने उसाच्या फडावर जावं. बीड, जालना, पाथर्डीकडून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मजुरी आणि उचल ठरते ती 'कोयत्या'वर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतो नवरा, फेडतात दोघं. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, ती तीन-साडेतीनला उठते. पाणी आणणं, चूल पेटवणं, दोन वेळच्या भाकरी थापणं, पोरांना गुंडाळून घेणं, हे सगळं अंधारात उरकून ती त्याच्याबरोबर फडात. तो जितका ऊस तोडतो तितकाच ती तोडते, वर मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. बांधाला झोळी. दिवस मावळला की सुटका नाही, कारण कारखान्याची गाडी येईल तेव्हा भरावी लागते, रात्री अकराला आली तर अकराला, दोनला आली तर दोनला. संध्याकाळी तो कोपीबाहेर गाडीची वाट बघत लवंडतो. ती पुन्हा चुलीपाशी. एक दिवस चुकला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. २०१९ मध्ये या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मासिक पाळीत खाडा पडू नये म्हणून अवयवच काढून टाकायचा, इथवर ज्या व्यवस्थेची मजल जाते तिथे झोपेचं नाव कोण काढणार? एका कोयत्यात दोन माणसं धरली जातात, पण भाकरीची मजुरी त्यात कुणीच धरत नाही.

याला उत्तर म्हणून बाजारात जे मिळतं ते पाहून करमणूक होते. पहाटे पाचला उठून ध्यान करा. स्वतःसाठी वेळ काढा. आठ मार्चला मंडळाकडून दशभुजेचा पुरस्कार, शाल आणि रोपटं. दहा हात चिकटवले की एका माणसाला दहाजणांचं काम देताना कुणाला संकोच वाटत नाही.

ज्यांच्याकडे चार पैसे आहेत त्या बाई लावतात. मीही त्यातलीच, त्यामुळे उपदेश करत नाही. पण माझ्याकडे सात वाजता पोळ्यांना येणारी बाई स्वतःच्या घरच्या पोळ्या कधी करते? पहाटे चारला. तिची थोरली मुलगी धाकट्याचं आवरते, म्हणजे बारा वर्षांच्या पोरीचीही झोप गेली. आजी सांभाळते म्हणणाऱ्या घरात पासष्टीच्या बाईला रात्री दोनदा उठून दुपटं बदलावं लागतं. एका बाईची झोप दुसऱ्या बाईने भरून द्यायची, तिची तिसरीने. या साखळीत पुरुष शोधावा लागतो.

तर घरातलं बोलू. "मी मदत करतो" म्हणणारे नवरे आता बरेच आहेत आणि त्यांची मी टिंगल करणार नाही, आमच्या आधीच्या पिढीच्या वाट्याला तेही नव्हतं. पण "सांग ना, काय करू?" या प्रश्नात काम अर्धंच उचललेलं असतं. भाजी आणणं हे काम सोपं. घरात काय संपलंय, उद्या कुठल्या डब्याला काय, लसीची तारीख कधी, गणवेश आखूड झालाय का, हे डोक्यात वागवणं हेच जड, आणि रात्री एक वाजता जाग आणतं ते हेच. म्हणून वाटणी करायची तर आख्खं खातं द्यायचं. शाळा तुझी: ग्रुप, डबा, फी, पालकसभा, चार्ट पेपर, सगळं. मला सांगू नकोस, मला विचारूही नकोस. पहिल्या महिन्यात मूल एकदा चुकीच्या रंगाचा टी-शर्ट घालून जाईल. जाऊ दे.

रविवारची सुट्टी गिरणी कामगारांना मिळाली ती नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीने. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, त्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्या दोघींना रविवार मिळाला का, याचा मी अनेकदा विचार करते. गिरणीतून मिळाला असेल. आज सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, तरी रविवार म्हणजे घरात सर्वांना उशिरा उठायची मुभा आणि एकीला नेहमीच्या वेळी, कारण आज नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी नाही तर मिसळ. तिच्या सुट्टीसाठी सभा घ्यायची तर कुणासमोर, मालक तर घरात सगळेच.

पण सार्वजनिक म्हणते आहे, तर मागणीही सार्वजनिक असली पाहिजे. पगाराच्या पावतीवर एक ओळ असते, व्यवसाय कर: दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. (पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो २०२३ पासून माफ आहे.) १९७५ मध्ये हा कर महाराष्ट्राने बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या दुष्काळग्रस्ताच्या मजुरीचा भार उचलावा, हा विचार वि. स. पागे यांच्या योजनेने या राज्यात रुजवला, आणि तेव्हा कुणी म्हणालं नाही की ज्याची मजुरी बुडाली त्याने आपलं नियोजन सुधारावं. दुसरी ओळ जून आणि डिसेंबरमध्ये दिसते, कामगार कल्याण निधी. कामगाराकडून थोडे पैसे, मालकाकडून त्याच्या तिप्पट. १९५३ च्या कायद्याने हा निधी उभा राहिला. त्यातून चालणारी कामगार कल्याण केंद्रं गावोगाव आहेत: व्यायामशाळा, वाचनालय, शिवणवर्ग, कुठे कुठे शिशुमंदिर. म्हणजे पैसा गोळा करायची वाट आहे, इमारती आहेत, आणि तान्ह्या मुलांची सोय ही कामगार कल्याणाची बाब आहे हे तत्त्वही मान्य झालेलं आहे. कामाचे तास दहा आणि बारा करायचे असतील तर तासांच्या त्या फायलीलाच एक अट जोडा. वाढलेल्या तासांचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने, तिथे पन्नास माणसं असोत की वीस, या निधीत जादा भर टाकायची. आणि प्रत्येक केंद्रात सकाळी सातपासून रात्री साडेआठपर्यंत उघडं असणारं, सहा महिन्यांच्या बाळालाही घेणारं, दुकानात काम करणाऱ्या आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही परवडणारं पाळणाघर चालवायचं. बापाचं नाव पत्त्यासह नोंदवहीत हवं, आणि मूल तापलं की पहिला फोन त्याला जायला हवा.